मधल्या रांगेतली करकर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सिनेमा शिकवणाऱ्या शाळेच्या छोट्या प्रेक्षागृहात, मधल्या रांगेत माझी जागा. नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता. पण विद्यार्थ्यांचे सिनेमे बघताना लोकांनी इतकी चुळबुळ केली, की माझे सांधे ढिले झाले. आता कुणी जरा हललं तरी मी करकरते, आणि सगळे मला नावं ठेवतात.

एका मुलीने आपल्या बाबांवर सिनेमा केला होता. बाबा शिंपी. शाळेच्या मोठ्या कार्यक्रमाला ते येणार होते. ते कंटाळले तर काय, या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून तिने तो सिनेमा आधी मित्रांना आणि आत्याला दाखवला.

आत्या माझ्यावर बसली. पडद्यावर शिलाई मशीन चालत होतं तोवर ती अगदी गुंगून गेली होती. मग मुलीचा आवाज आला, 'माझे बाबा म्हणजे कष्टांचा पुतळा.' आत्या चुळबुळली. बाबांचं कौतुक काही संपेना, आणि माझी करकरही.

शेवटी आत्या म्हणाली, "फारच छान हो." मित्रांनीही मान डोलावली. मुलगी मात्र माझ्यावर भडकली.

"बाई, ही खुर्ची आधी बाहेर काढा. सगळा विचका केला हिने."

तिला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, खुर्ची आपणहून वाजते का? कधी वाजली ते आठव."

मुलीचा चेहरा पडला. तिने आत्याला खोदून खोदून विचारलं.

"खरं सांगू? दादाला काम करताना बघत राहावंसं वाटतं गं. तू मध्येच बोलतेस."

मुलीने आपलं सगळं बोलणं काढून टाकलं. मन लावून लिहिलेलं ते काढताना तिला रडू आलं. उरला मशीनचा आवाज आणि बाबांचं गुणगुणणं.

कार्यक्रमात बाबा नेमके माझ्यावर बसले. मुलगी मागे उभी होती, पडद्याकडे न बघता कान माझ्याकडे लावून. मी शेवटपर्यंत गप्प राहिले. मला फार बरं वाटलं.

दिवे लागले. बाबा डोळे पुसत उठले आणि मी करकरले. त्यांनी सवयीने वाकून माझे सांधे चाचपले. "उद्या मशीनचं तेल आणतो. दोन थेंबांत गप्प होईल बघ."

"नको बाबा," मुलगी म्हणाली. "अजून बाकीच्यांचे सिनेमे व्हायचेत."

तेव्हा मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला पाण्यापासून जपा. आवाज तेवढा राहू द्या.