वहीतली बाई

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय आणि कुणाचं ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. पण परदेशातली नात फोनवर इंग्रजीत बोलायला लागली की माझी बोलती बंद. तिला आमची भाषा येत नाही आणि मला तिची. गेल्या महिन्यात लेक म्हणाली, "आई, ती विचारते, आजीला मी आवडत नाही का? आजी काही बोलतच नाही." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तडक शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेले. त्यांनी शब्द पाठ करायला दिलेच नाहीत. "सुटा शब्द काय कामाचा? कोणता शब्द कुणाबरोबर नांदतो ते बघा," म्हणाल्या आणि स्वतः लिहिलेली वाक्यांची वही हातात ठेवली. आपण चूक करतो, इंग्रजीत म्हणे ती बनवतात. आपल्याला सर्दी होते, त्यांच्याकडे माणूस ती पकडतो. उद्योग नाहीत दुसरे!

मी रोज एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचणीनं टोचून ठेवायचे. बाही शिवून होईपर्यंत वाक्य पाठ.

वाक्यं सगळी 'ती'ची. तिची बस चुकली. तिला सर्दी झाली. ती एकटी राहते. बाईंच्या लेखी त्या वेगवेगळ्या बायका असतील, मला मात्र ती एकच वाटायला लागली. दुपारी एकटीच्या घरात मशीनच्या आवाजानं डोळ्यांवर झापड आली की ती समोरच्या स्टुलावर येऊन बसायची, नाक पुसत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी तिला काही विचारायचे नाही. तिला कळणार इंग्रजी, आणि माझ्याकडे तर तिचीच वाक्यं. दोघी आपापल्या गप्प बसायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रविवारी फोन आला. चिठ्ठ्या समोर मांडल्या आणि सुरुवात केली.

"शी मिस्ड द बस."

लगेच दुसरी चिठ्ठी उचलली.

"शी कॉट अ कोल्ड."

"हू?" तिनं विचारलं.

कोण, ते वहीत नव्हतं. मी आपलं पुढचं म्हटलं, "शी लिव्ह्ज अलोन."

पोरीचा आवाज एवढासा झाला. "हू लुक्स आफ्टर हर?" तिची काळजी कोण घेतं?

याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पान अकरा, तिची मुलगी तिची काळजी घेते. पण फोन स्पीकरवर होता आणि माझी मुलगी पलीकडे तिथंच भांडी लावत होती, खणखण ऐकू येत होती. तिला तो टोमणाच वाटला असता. आणि गप्प बसावं तर पोरीला पुन्हा तेच वाटणार.

"यू," मी म्हटलं. हे वहीतलं नव्हतं. "यू लुक आफ्टर."

"ओके," नात म्हणाली, अगदी डॉक्टरीणबाईंच्या थाटात. मग सुरू झाली सरबत्ती: तिनं औषध घेतलं का, गरम काही प्यायली का, पायात मोजे आहेत का? मी अंदाजानं येस, नो म्हणत राहिले. मोज्यांना नो म्हटल्यावर ती अशी काही रागावली की मी उठून मोजे शोधायला लागले.

पलीकडची भांडी थांबली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "ती बाई कोण गं?"

"कुणी नाही, वहीतली आहे," म्हणाले, आणि मला रडू फुटलं.