दारात उभी, तरी गैरहजर

घरमालकाने खोल्या खाली करायचा दावा लावलेला. आज माझी साक्ष. गैरहजर राहिले तर राहतं घर गेलंच. म्हणून सकाळीच कोर्ट गाठलं.

आणि अडकले कुठे, तर दारात! कोर्टाला सरकारी निधी आला म्हणे. दाराला नवी चौकट बसवलीय, धातू दिसला की ठणाणा करणारी. माझ्या मांडीच्या हाडात सळई. चौकटीने जी बोंब ठोकली!

"काकू, धातूचं असेल ते काढून ठेवा," पहारेकरी म्हणाला.

"सळई काढू होय रे? आण करवत!"

बिचारा ओशाळला. "अंगझडती घेऊन सोडता येतं. पण झडती घेणाऱ्या बाई या चौकटीच्याच प्रशिक्षणाला गेल्यात."

पूर्वी शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करायचा. इथूनच ओ दिली असती. आता पुकारा बंद. आत पडद्यावर नाव झळकतं.

माझा वकील म्हणजे माझा भाचा. तो धावत आला. "मावशी, नाव लागलं! मोबाइलवरून हजेरी लाव, तीही सोय झालीय."

"मोबाइल या पहारेकऱ्याने कपाटात ठेवून घेतला ना! तुझा?"

"माझाही तिथेच."

कपाट नवं. कोड टाकल्याशिवाय उघडत नाही. कोड येतो मोबाइलवर. मोबाइल कपाटात! पहारेकऱ्याने दोन लाथा घातल्या, पण सरकारी वस्तू ती, ढिम्म हलली नाही.

भाचा परत आत पळाला. मी दारातूनच ओरडले, "अहो साहेब, मी आलेय हो!" पण दालनाला आवाज न शिरणाऱ्या नव्या काचा. कोणी मानसुद्धा वळवली नाही.

भाचा बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "मावशी दारात आहे, म्हणून गळा काढला मी. साहेब म्हणाले, यंत्रात हजेरी दिसत नाही." घरमालक मात्र घरूनच पडद्यावर, बनियनवर चहा भुरकत बसलेला. तो हजर. मी हाकेच्या अंतरावर, मी गैरहजर. खोल्या त्याला मिळाल्या.

"अपील करू, मावशी. फक्त तू इथे होतीस याचं रेकॉर्ड हवं. माणसांच्या सांगण्यावर आता भागत नाही."

मला हुरूप आला. चौकटीच्या वर कॅमेरा होता, थेट माझ्यावर डोळा लावून. "हा काय! सकाळपासून बघतोय मला."

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं.

"नुसतं खोकं आहे ते, काकू," तो हळूच म्हणाला. "आतला कॅमेरा पुढच्या निधीत."