पखवाजाची कणीक

शिकलेल्या नातीने घरी आल्यावर आधी हातपाय धुवावेत, देवाला हात जोडावेत. आमच्या अक्षयाने बॅग पडवीत टाकली, बापाला समोर बसवलं आणि त्याचं मन उसवायला घेतलं. पुण्यात मानसशास्त्र शिकते ना!

तिचा बाप म्हणजे माझा अनिल. बर्फाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर लाद्या उचलून बधिरलेले हात गुरुवारी देवळात पखवाजावर पडले की जिवंत होतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक तीस वर्षं मीच मळते. सून सैल मळते.

या गुरुवारी गोळा ताटलीत वाळून भेगाळला. भजनी मंडळाचे गुरुप्रसादबुवा दोनदा बोलवायला येऊन गेले. अनिल म्हणाला, "आज नको बुवा, हात दुखतोय."

हात कसला दुखतोय! सुनेने खरं काय ते सांगितलं. अक्षयाने बापाला लहानपणीची पहिली आठवण विचारली. तो म्हणाला, खांबाला बांधलेला मी आणि पुढ्यात पत्र्याचा डबा. त्यावर ही म्हणे, "बाबा, पखवाज म्हणजे तुमचा दाबलेला राग आहे. आजीवर काढता येत नाही, म्हणून चामड्यावर काढता."

मी तिला अंगणात गाठली. "काय गो, तुजा बापूस तीस वर्षं मलाच बडवतोय होय?"

"तसं नाही गं, आजी. नेणिवेत असतं ते. बाळाचं पहिलं संगीत म्हणजे आईचा आवाज, तिच्या छातीचे ठोके. ते तुटलं की माणूस जन्मभर तोच ठेका शोधतो. तू त्यांना बांधून जायचीस ना?"

"जायची! दारात खाडी, पोर रांगतं, नवरा बोटीवर. कोणाच्या जिवावर सोडू? तीन-चार वर्षांचा होईपर्यंत जुन्या लुगड्याने खांबाला बांधायची नि पुढ्यात तेलाचा रिकामा डबा ठेवायची. मी वीस पावलांवर मासळी खारवत बसायची. डबा वाजतोय म्हणजे पोर जाग्यावर हाय. वाजायचा थांबला की मिठाचे हात घेऊन धावायची."

अक्षया हळूच म्हणाली, "मग थांबलं की तू येतेस, हे त्यांना कळलं असेल."

"महिन्याभरात कळलं. मुद्दाम थांबायचा लबाड, नि मी आले की दोन दात दाखवून हसायचा."

"हे मला बाबांनी सांगितलं नाही."

"त्याला कुठलं आठवणार? त्याला खांब आठवतो."

एवढं बोलून मला थांबता आलं असतं. पण खोटं बोलायची मला सवय नाही.

"कदी कदी नाय धावले. बोट लागलेली असायची, मासळी नासायची. रडून रडून तिथंच झोपायचा. राग असंल त्याला. असू दे. तेवढं तुजं बरोबर हाय."

ती माझा हात धरायला आली. मी धरू दिला नाही. उघड्या दारातून दिसत होतं, आतल्या खोलीत अनिल टीव्ही न लावताच त्याच्यासमोर बसला होता.

"हुशार हायस तू," मी तिला म्हणाले. "पण त्या पखवाजावर आम्हा मायलेकांचं बोलणं चाललं होतं. तू मधी शिरून ते बंद पाडलंस. आता तो थांबलाय. थांबला की मला जायला लागतं. सरक वाटेतून."