मुसाफिर मंझिलचा मागचा जिना

मुसाफिर मंझिलचा किस्सा मैनुद्दीनच्या जिभेवर आता आपोआप यायचा. एकोणीसशे अडतीस साल, निजामाची अमदानी. अब्बा हैदराबादला गेले, तिथली स्टेशनाजवळची हॉटेलं त्यांनी डोळे भरून पाहिली आणि बीडला तसंच एक उभं करायचं डोक्यात घेऊन परत आले. काळा घडीव दगड, महिनोन्‌महिने भिजवून बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, पुढच्या अंगाला पाच कमानी, मधे चौक, चौकात हौद, वर चारी बाजूंनी सज्जा आणि सज्ज्यावर बारा खोल्या. प्रत्येक खोलीला छताजवळ झरोका, त्यामुळे मे महिन्यातही पंख्यावाचून झोप लागायची. आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून, मागच्या गल्लीतून थेट वर येणारा जनाना जिना. पडद्यातल्या बायकांवर परक्याची नजर पडू नये म्हणून अब्बांनी खास बांधून घेतलेला. इथं ऐकणारा हमखास "वा!" म्हणायचा आणि मैनुद्दीन चहा मागवायचा.

किस्सा चांगला होता. त्या जिन्यापर्यंत खराही होता.

गुरुवारी सकाळी तोच पुन्हा सांगायचा होता आणि मैनुद्दीनला अंथरुणातून उठवत नव्हतं. बहात्तर वर्षांचं अंग, त्यात लॉजच्या तक्रारी रोजच्याच. कुठं नळ गळतोय, कुठं ढेकूण. हमीदानं इस्त्रीचा सदरा पलंगावर टाकला. नवरा-बायको घरात दखनीच बोलत.

"कित्ते बरसां से वोच किस्सा सुनाते जी. थकते नै?"

"थक गया," तो म्हणाला आणि सदऱ्यात डोकं घातलं.

पण थकून चालणार नव्हतं. मंझिलच्या तीन हिश्श्यांपैकी दोन पुतण्याचे, मतीनचे. मतीनला तिथं काचेच्या तोंडाचं, लिफ्टवालं हॉटेल बांधायचं होतं, आणि त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. बारा खोल्यांपैकी सात गळत होत्या. कपिलधारला जाणारे भाविक सोडले तर मुक्कामाला कुणी फिरकत नव्हतं. तरी चाचाचा मान राखून त्यानं एक शब्द दिला होता. शहरातल्या वास्तू जतन मंडळानं मंझिलला फलक दिला, दुरुस्तीचा भार उचलला, तर तो इमारतीला हात लावणार नाही. नाही दिला, तर दिवाळीनंतर जेसीबी. चाचा-चाचीला तो फ्लॅट घेऊन देणार होता, चौथ्या मजल्यावर. खालच्या दोन खोल्यांत त्या दोघांचा अख्खा संसार झाला होता. हमीदा नवरी म्हणून त्याच कमानीखालून आत आली होती आणि तिथून बाहेर पडायचं तिच्या मनात नव्हतं.

मंडळासाठी इमारतीची मापं घ्यायला यशोधरा यायची. संभाजीनगरला आर्किटेक्चर शिकलेली, तिशीची, हाताला कायम कुठल्या ना कुठल्या भिंतीचा चुना लागलेली पोरगी. मराठवाड्यातली जुनी हॉटेलं आणि लॉज हुडकत ती गावोगाव हिंडली होती. बरीच पडली होती. उरलेल्यांना चकचकीत पत्र्याचं तोंड बसवून मालकांनी ओळखू येणार नाहीत अशी करून टाकली होती. मंझिल मात्र जशीच्या तशी, म्हणजे मैनुद्दीनकडे रंगाला पैसे नव्हते म्हणून. यशोधराचा तिच्यावर जीव जडला. तीन महिने तिनं एकेक कमान, एकेक तुळई मोजली, आणि जिन्यावर तर ती फिदाच होती.

"चाचा, जनाना जिना असलेलं हॉटेल आख्ख्या मराठवाड्यात मला दुसरं न्हाई सापडलं," ती म्हणायची. अहवालाच्या पहिल्या पानावर तिनं तोच घातला होता. मैनुद्दीन मान हलवायचा आणि विषय हौदाकडे न्यायचा.

अकराच्या सुमारास मंडळाचे अध्यक्ष सुंदरराव आले. निवृत्त इंजिनिअर, बोलायला गोड आणि सहीला जड. मागोमाग यशोधराची स्कूटी आली आणि तिच्या मागून एक बारीक अंगाचा, सत्तरीचा माणूस उतरला. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन, पायात पॉलिश केलेल्या चपला.

"चाचा, हे माझे पप्पा. निवृत्ती कंडक्टर म्हणतात यांना आष्टीकडं, रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी," यशोधरा म्हणाली. "म्हणले, एवढं बोलतीस तर एकदा दाखव तरी. चला, आत जाऊ."

ती आणि सुंदरराव कमानीतून आत शिरले. निवृत्ती शिरला नाही. तो उजवीकडे वळला, भिंतीच्या कडेकडेनं चालत गेला आणि कोपऱ्यावरून मागच्या गल्लीत दिसेनासा झाला.

मैनुद्दीन जागच्या जागी थिजला. पोरीनं घरी सांगितलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. पण त्या गल्लीच्या तोंडाशी पस्तीस वर्षांपासून भंगारवाल्याचं शेड आहे. शेडमागे दार आहे हे आता गावात कुणाला ठाऊक नाही. यशोधरालाही पहिल्या दिवशी ते हाताला धरून दाखवावं लागलं होतं. निवृत्तीनं कुणाला विचारलं नाही, इकडं-तिकडं पाहिलंही नाही. त्याच्या पायांना रस्ता माहीत होता.

तो जिना बायकांसाठी नव्हताच. मंझिलमध्ये उतरणारे वकील, सावकार, कचेरीतले अंमलदार, त्यांत हिंदू काय नि मुसलमान काय, गावकुसाबाहेरच्या माणसाचा खांदा आपल्याला जिन्यात लागलेला खपवून घेत नसत. बाकीचे लॉजवाले अशा मुसाफिराला दारातूनच हाकलत. अब्बांनी हाकललं नाही. त्यांनी वेगळा जिना बांधला, मागं वेगळी खोली काढली, आणि मरेपर्यंत छाती फुगवून सांगितलं की बीडात या लोकांना छप्पर देणारा मी एकटा. त्यांना ती नेकी वाटायची. अस्पृश्यता बंद करणारा कायदा आला तरी जिना चालूच राहिला, पार पंचाहत्तर सालापर्यंत. अब्बा गेल्यावर एका पाहुण्यानं विचारलं, हा जिना कशाला, आणि मैनुद्दीनच्या तोंडून निघून गेलं, जनाना. लाजेपोटी निघालेला शब्द. तो जो चिकटला तो चिकटलाच.

मैनुद्दीन धापा टाकत वर पोचला तेव्हा सगळे मागच्या खोलीपाशी जमले होते. जिना जिथं संपतो तिथली फरशी सज्ज्यापेक्षा तीन पायऱ्यांनी खाली आहे. निवृत्ती त्या खालच्या फरशीवर उभा होता आणि बाकीचे वर, सज्ज्यात.

"ही फरशी मुद्दाम खाली ठेवलीय," यशोधरा सुंदररावांना सांगत होती. "सज्ज्यातनं कुणी गेलं तरी खाली उभ्या असलेल्या बाईचा चेहरा दिसू नये म्हणून. किती बारीक विचार केलाय बघा! पप्पा, येतंय न ध्यानात?"

"येतंय," निवृत्ती म्हणाला.

"झकास!" सुंदररावांनी कागद काढला. "मैनुद्दीनभाई, आता तुमच्या तोंडून होऊन जाऊ द्या. मालकाचा जबाब म्हणून चार ओळी घेतो, खाली तुमी सही करा, मी करतो. फलक पक्का समजा." त्यांनी पेनाचं टोपणही काढलं, हे त्यांच्या मानानं फारच झालं.

मैनुद्दीननं सुरुवात केली. अडतीस साल, हैदराबाद, दगड, चुना, कमानी. जीभ आपल्या वाटेनं चालली होती. "आणि हा जिना," तो म्हणाला आणि त्याची नजर खाली गेली. निवृत्ती वर बघत होता. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर खोटं बोलायला तेवढाच जोर तरी आला असता.

"हा जिना..."

सुंदररावांचं पेन कागदावर टेकून राहिलं. यशोधरा हसत हसत डोळ्यांनीच चाचाला पुढं ढकलत होती.

"बायकांसाठी होता," खालून निवृत्ती म्हणाला. "सांगा न भाई. पडद्यातल्या बायका इथून यायच्या. मी बी ऐकलंय."

या माणसानं एवढं करायला नको होतं. ते खोटं ओढून ओढून मैनुद्दीन मोडून आला होता, आणि ज्याच्यापासून ते लपवायचं तोच आता हातभार लावायला पुढं झाला होता. तो वरच्या पायरीवर खाली बसला.

"बायकांसाठी नव्हता," तो म्हणाला. "यांच्यासाठी होता. यांच्या लोकांसाठी. पुढच्या जिन्यानं येऊ देत नव्हतो आमी. भांडं देत नव्हतो. पाणी लागलं की हे खाली तिथं उभे ऱ्हायचे आणि मी वरून ओतायचो. वाढणाऱ्याला हात लागू नये म्हणून फरशी खाली हाय. बांधला अब्बांनी, पन ओतायचो मी."

मग सुंदररावांनी पेनाला टोपण लावलं.

"हे कावून उकरून काढलं तुमी, मैनुद्दीनभाई? असं फलकावर लिहिता येतं का? लोक भडकतील, मंडळाचं नाव खराब होईल. जनाना म्हणा, मी आत्ता सही करतो. न्हाई तर मग बघू पुढच्या बैठकीत."

पुढची बैठक म्हणजे काय हे न कळण्याइतका मैनुद्दीन बावळट नव्हता. त्याला तो चौथा मजला दिसला. हमीदा दिसली, आणि तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं या विचारानंच तो दमून गेला. एक शब्द म्हटला की झालं असतं. पण तेवढा एक शब्द पुन्हा उचलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"बघा पुढच्या बैठकीत," तो म्हणाला.

सुंदरराव पुढच्या जिन्यानं उतरून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

यशोधरा बापाकडे बघत होती. "पप्पा, तुमी इथं आलतात?"

"एक रात. एस्टीच्या भरतीला आलतो, चौऱ्याहत्तरला."

"तीन महिने मी रोज ताटावर बसून हेच सांगतेय तुमाला! मला बोलला कावून न्हाईत?"

"तू लई खूश होतीस," निवृत्ती म्हणाला. "म्हणलं, पोरीला एवढं चांगलं काय सापडलंय, तर ऱ्हाऊ दे."

तिला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. चाचावर काढावा तर तो गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. बापावर काढावा तर बाप तिची समजूत काढल्यासारखा हसत होता, आणि ते हसू तिला बघवत नव्हतं. तिनं अहवालाचं पहिलं पान उघडलं आणि भिंतीला टेकवून त्यावर एक लांब रेघ मारली. मग पिशवीतून टेप काढली.

"चाचा, उठा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "कुठं उभं ऱ्हाऊन ओतायचे तुमी? बरोबर जागा दाखवा. मंडळ घेऊ दे न्हाई तर नको घेऊ दे, मला नकाशात हे माप पायजे."

मैनुद्दीन कठड्याला धरून उठला. सज्ज्याच्या कडेशी उभा राहिला आणि तांब्या धरावा तसा त्यानं रिकामा हात पुढं केला. एवढ्या वर्षांनीही हाताला ती उंची अचूक आठवत होती, आणि त्याला स्वतःच्या हाताची किळस आली.

"आणि पाणी घेणारा?" तिनं विचारलं. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण मापाला दुसरं टोक लागतं.

निवृत्ती दोन पावलं पुढं आला, जरासा वाकला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली.

"हलू नका," यशोधरा म्हणाली. टेपचं एक टोक तिनं मैनुद्दीनच्या बोटांपाशी धरलं आणि पट्टी हळूहळू खाली सोडली, बापाच्या ओंजळीत टेकेपर्यंत. मग वाकून आकडा वाचला. दोन फूट अकरा इंच. डोळे भरून आल्यामुळे तिला तो पुन्हा एकदा वाचावा लागला, आणि तोवर ते दोघे म्हातारे हात न हलवता तसेच उभे राहिले.