झाकण नसलेला वाडगा

मी तोकुजीचा वाडगा बोलतोय. भात खायचा वाडगा. पांढरा, अंगावर दोन निळ्या लाटा, कडेला एक टवका. तोकुजी कोण, हे तुम्हाला ठाऊक नसणार. ते कुणाला ठाऊक असावं असं कुणालाच वाटलं नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

ओगाच्या किनाऱ्यावर आमचं घर. इथे ज्याचा त्याचा वाडगा वेगळा. दुसऱ्याच्या वाडग्यात कुणी जेवत नाही. तोकुजी मालवाहू जहाजावर लागला तेव्हा त्याच्या आईनं, इसोनं, मला झाकणासकट आणलं. टवका त्याचाच. भूक लागली की तो जेवायच्या काड्यांनी माझ्या कडेवर ताल धरायचा. इसो ओरडायची, "वाजवू नकोस मेल्या, उपाशी भुतं गोळा होतील दाराशी."

"येऊ देत की. तुझं लोणचं खाल्लं की आपणच पळतील."

तो समुद्रावर असला की इसो रोज माझ्यात वाफाळता भात भरून, झाकण लावून, मला त्याच्या जागेवर मांडायची. घरी जेवण मांडलेलं असलं की तिकडे माणूस उपाशी राहत नाही, असं इथे मानतात. थोड्या वेळानं झाकण उचलायचं. आतून थेंब जमलेले दिसले की माणूस सुखरूप. गरम भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तरी ती रोज झाकण उजेडात धरून थेंब बघायची.

मग एका हिवाळ्यात त्याची तार आली. जहाज दक्षिणेच्या मोठ्या बंदराला लागलंय, सुट्टी मिळाली, घरी येतोय. जमिनीवरच्या माणसासाठी असं जेवण मांडत नाहीत. इसोनं मला घासून पुसून चुलीपाशी पालथा घातला. आता तो आला की त्याच्याचसाठी भरायचा.

तो आला नाही.

सोबतच्या दोघा खलाशांनी सांगितलं ते एवढंच, की बहिणीसाठी, फुजिएसाठी, कंगवा बघतो म्हणून तो बाजाराच्या कोपऱ्यावरून वळला. भर दुपारी, गजबजलेल्या बाजारात, एकवीस वर्षांचा धडधाकट मुलगा नाहीसा झाला, आणि पोलिसांनी कंगव्याच्या दुकानात जाऊन साधं विचारलंसुद्धा नाही. जहाजाच्या मालकांनी 'पळून गेला' असा शेरा मारला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. पळून जाणारा माणूस खलाशाचं ओळखपत्र आणि आपले चांगले बूट जहाजावर ठेवून जातो का, हे इसोनं प्रत्येक टेबलापुढे उभं राहून विचारलं. साहेबांनी चहा पिता पिता ऐकलं. "बाई, तरुण पोरं अशीच असतात," म्हणाले. कशी असतात, ते मात्र सांगितलं नाही.

इसो पुन्हा मला भरू लागली. एक गोष्ट तिला आतून खात राहिली: मी पालथा होतो, आणि नेमका तेव्हाच तो गेला.

वर्षं गेली. फुजिएचं लग्न ठरेना. शेवटी इसोचा धाकटा दीर एइझो येऊन बसला. माणूस वाईट नव्हे. म्हणाला, लोकांना मेलेला भाऊ चालतो, पळालेला चालत नाही. अंत्यविधी उरकून टाकू. इथे माणूस गेला की त्याचा वाडगा उंबऱ्याशी फोडतात. आता इथे तुझं जेवण नाही, सुखानं जा, असं सांगायला. तोकुजीच्या वडिलांचा वाडगा असाच फोडला होता. त्यांना समुद्रानं नेलं. पण समुद्रानं मढं तरी परत दिलं. बंदरानं तेही दिलं नाही.

भिक्षू आला, मंत्र झाले, शेजारी अंगणात उभे राहिले. इसोनं मला उचललं.

"फोडा, वहिनी," एइझो हलकेच म्हणाला.

"फोडते. तो कशानं मेला तेवढं सांगा, भाऊजी."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मान खाली घालून उभ्या असलेल्या फुजिएकडे. तिनं माझं झाकण काढलं आणि उंबऱ्यावर आपटलं.

तेवढ्या आवाजावर लोकांचं समाधान झालं. फुजिएचं लग्नही झालं.

झाकण नाही, त्यामुळे आता थेंब नाहीत. वाफ सरळ वर जाते आणि विरते. इसो थकली आहे, पण मला भरायचं चुकत नाही. परवा मला मांडल्यावर तिनं काड्या उचलल्या आणि माझ्या टवक्यापाशी, अगदी हळू, वाजवल्या. मग दाराकडे बघून म्हणाली, "भूत झाला असलास तरी ये रे. भात गरम आहे."

त्या दुपारी त्या बाजारात कुणीतरी तोकुजीला पाहिलंय. कुठल्या दुकानात शिरला, कुणासोबत बाहेर पडला, हे कुणालातरी ठाऊक आहे. तो कुणीतरी हे वाचत असेल तर त्यानं तोंड उघडावं. तोकुजी असेल तर त्याला घरी पाठवा. नसेल तर मला फोडू द्या. फुटायला मी भीत नाही. रोज गरम भरून रोज तसाच थंड होतो, ते मात्र आता सोसवत नाही.

इसोच्या हातांत मला उचलायचं बळ आहे, तोवर बोला.