गाळलेला नमुना

धाकट्या जावेला नोकरीला चिकटवलं ते थोरलीनेच. औषधांच्या कारखान्यात थोरली तपासणी विभागाची उपप्रमुख, धाकटी तिच्या हाताखाली. घरी ‘ताई’, गेटच्या आत ‘मॅडम’. सहा वर्षांत धाकटीची जीभ एकदाही घसरली नव्हती.

तिचं टेबल अंधाऱ्या खोलीत होतं. सांधेदुखीच्या इंजेक्शनसाठी बाहेरून प्रथिनाची पावडर यायची. ती विरघळवून त्यात एक रंगद्रव्य घालायचं, यंत्रात ठेवायचं आणि प्रकाश सोडायचा. प्रथिन धड असेल तर रंगद्रव्य जवळजवळ गप्प राहतं. त्याच्या घड्या मोडून गोळे झाले असतील तर मात्र ते त्या गोळ्यांना चिकटतं आणि चमकू लागतं. चमकेचा आकडा शंभराच्या आत हवा.

त्या मंगळवारी आला तीनशे बारा. तिने काचेची नळी धुतली, नवा नमुना घेतला. तीनशे नऊ.

थोरली येऊन पडद्यासमोर उभी राहिली. “यंत्राचा दिवा म्हातारा झालाय.”

“नाही मॅडम. सकाळीच चांगल्या पावडरीवर लावून पाहिलं. सत्तर आला.”

“बरं. तू जेवून ये.”

“हे नोंदवते आणि जाते.”

“जा म्हणते ना.”

ती गेली. परत आली तेव्हा पडद्यावर चौऱ्याऐंशी होते, आणि टेबलाखालच्या टोपलीत बारीक गाळणीची एक ओली चकती पडलेली होती. नमुना गाळला की गोळे गाळणीत अडकतात, खाली उतरतं ते नितळ पाणी. त्यात काय चमकणार, कपाळ?

“ताई, तुम्ही गाळून लावलंत?”

“हळू बोल.” थोरलीने दार लोटलं. “माल परत पाठवला तर दोन महिने कारखाना बंद. प्रमुखांची खुर्ची या वर्षी रिकामी होतेय. कारखाना बंद पाडणारीला ती कोण देईल? आणि घरात माझा नवरा अंथरुणाला खिळलाय, तुला ठाऊक आहे.”

“पण हे माणसांच्या अंगात जाणार.”

“पुढे आणखी तीन तपासण्या आहेत. तिथे अडकेल. सही कर. तुझी दोन्ही बाळंतपणं मी काढली, कधी काही मागितलं का?”

धाकटीने सही केली.

पुढे ते कुठेच अडकलं नाही. तिन्ही टेबलांवर हाच अहवाल वर लावलेला होता, आणि पहिल्या टेबलावर पास झालेल्या मालात डोकं कोण घालतो? पाच महिन्यांनी तक्रारी आल्या. अकराजणांचं अंग सुजलं होतं. त्यातल्या एका शाळेच्या बाईंचा श्वास कोंडला तो मोकळा झालाच नाही. त्या गेल्या.

चौकशीला तिघे बसले होते. त्यांनी यंत्राची नोंद काढली: तीनशे बारा, तीनशे नऊ, मग चौऱ्याऐंशी.

“तिन्ही वेळा यंत्रावर उघडलेलं खातं तुमचं आहे.”

“तिसऱ्या वेळी मी जेवायला गेले होते.”

“खातं बंद करून?”

खातं उघडंच राहिलं होतं. तिने गाळणीच्या चकतीचं सांगितलं. चकती कुठे आहे, त्यांनी विचारलं. पाच महिन्यांपूर्वीचा कचरा कुठे असतो?

शेजारच्या खुर्चीवरून थोरली खालच्या आवाजात म्हणाली, “माझ्यापुढे चौऱ्याऐंशीचाच कागद आला. घरची आहे म्हणून मी डोळे झाकून विश्वास ठेवला. ती माझी चूक, मी कबूल करते.”

धाकटीला त्याच दिवशी काढलं. घरी सासूबाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दोघींनी मिळून घर बुडवण्यापेक्षा एकीने सोसलेलं बरं.” नवऱ्याला तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तो नखं बघत म्हणाला, “ते सगळं ठीक आहे गं, पण सही तुझीच आहे ना?”

थोरली प्रमुख झाली. धाकटी लेकरांना घेऊन दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली. नवरा येतो म्हणाला. अजून सामान बांधतोय.

तिची झोप मात्र उडाली ती त्या शाळेच्या बाईंमुळे. एका रविवारी पत्ता शोधून ती त्यांच्या घरी गेली. दार बाईंच्या नवऱ्याने उघडलं. दाढी वाढलेली, हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

“मी त्या कारखान्यात होते. तो माल वाईट आहे हे मला कळलं होतं, तरी सही मी केली. मला तुम्हाला खरं काय झालं ते...”

“म्हणजे त्या तुम्ही.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “गेल्या आठवड्यात तुमच्या मॅडम येऊन गेल्या. तासभर बसल्या. तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. बिचाऱ्या फार रडल्या हो.”

“त्यांनी नमुना गाळला होता. गाळल्यावर आकडा...”

“मला त्यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “निदान त्या रडल्या तरी.”

त्याने दार लावून घेतलं. आवाज न करता, सावकाश, आत कुणीतरी झोपलेलं असावं तसं.