चारचं पाणी

वादळ होऊन चार महिने झाले होते. खालच्या आळीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं, पण नगरपालिकेला तिथे पाणी सोडून बघायचं होतं. पाइप धडधाकट असतील तर घरं त्याच जागी बांधायची, नाहीतर सगळी आळीच टेकडीवर हलवायची, असं ठरत होतं. घोडं अडलं होतं एका साध्या गोष्टीपाशी. आळीचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे हे दाखवणारे नकाशे पाणीखात्याच्या कपाटात भिजून लगदा झाले होते. म्हणून चावीवाल्याला बोलावणं गेलं. सव्वीस वर्षं तो गावभर पाणी सोडत फिरला होता. नकाशा बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती, आणि नकाशा काढणाऱ्यांना कधी त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याच्याबरोबर मॅडम होत्या. वादळात नगरपालिकेचं कुठे चुकलं आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं, याचा अहवाल लिहायला त्यांना वरून पाठवलं होतं. त्या शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला एकच विचारायच्या, ‘किती वाजता?’ ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं वेळवाली बाई. चेष्टा करणारे करत होते, पण त्या समोर आल्या की सगळ्यांचे आवाज खाली यायचे.

कोपऱ्यावरच्या दुकानाची आता फक्त पायरी उरली होती. चावीवाल्याने त्या पायरीपासून चौदा पावलं मोजली आणि फावडं घातलं. हातभर गाळाखाली चेंबरचं लोखंडी झाकण लागलं. त्याने लांब दांड्याची चावी आत सोडली आणि अंगाचा सगळा भार टाकून ती फिरवली. आधी नुसतं करकरलं, मग चावी फिरू लागली आणि जमिनीखालून पाणी धावल्याचा आवाज आला.

आणि त्यामागोमाग भांडी वाजली.

दगडावर हंडा टेकला. कुणीतरी बादली ओढत पुढे आणली. ‘आधी माझा नंबर,’ असं कुणीतरी ठसक्यात म्हणालं. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि आळीत जोत्यांशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या आळ्यांत पाणी सोडतानाही त्याला असे आवाज यायचे, पण तिथे खरोखरच बायका असायच्या, भांडी असायची. त्यामुळे त्याने आजवर मनावर घेतलं नव्हतं. आज त्याने चावी तशीच सोडली आणि मागे वळून पाहिलं.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही. पाइपात हवा धरलीये.”

मॅडम जोत्यांकडे बघत राहिल्या. मग वही उघडून म्हणाल्या, “मला एक कळत नाही. लोकांना हलवायला बस साडेतीनला आली. चाळीस घरांतून फक्त अकरा माणसं चढली. पावणेपाचला रस्ता बुडाला. बाकीचे लोक का निघाले नाहीत?”

“लोक ऐकत नाहीत, मॅडम.”

“सगळे हेच सांगतात,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

बाकीच्यांतले बरेचसे शाळेच्या गच्चीवर चढून वाचले. नऊ जण गेले. त्या नऊ जणांत चावीवाल्याची वहिनी होती.

दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्या दिवशी परगावी कामावर होता. तीन वाजता त्याने बायकोला फोन केला होता, बस येतेय, लगेच निघ. “निघते,” असं ती म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी ती सापडली तेव्हा दादा धाकट्या भावाच्या गळ्यात पडून ओरडला होता, “माझं कधी ऐकलं का रे तिनं?” आणि चावीवाल्याने मान डोलावली होती. तेवढंच. एकदा मान डोलावली. त्यानंतर रोज खरं सांगायचं ठरवायचा, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा अवघड होऊन बसायचं.

दादाचं घर गेलं, तेव्हापासून दोघं भाऊ चावीवाल्याच्या एका खोलीत राहत होते. चावीवाल्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्याचं पोरपण वहिनीच्या हातचं खाऊन गेलं होतं. रोज संध्याकाळी दादा कामावरून आला की चहाचा कप हातात धरून सुरू व्हायचा.

“डबे आवरत बसली असणार. कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय कधी बाहेर पडली का ती? हट्टी बाई. एकदा, आयुष्यात एकदा ऐकलं असतं तर आज समोर बसली असती.”

धाकटा भाऊ हूं म्हणायचा. त्या ‘हूं’ची त्याला स्वतःचीच शिसारी यायची, पण जीभ उचलायची नाही. दादा हे एकच माणूस त्याचं म्हणून उरलं होतं. तेही गेलं तर त्या खोलीत तो कुणाच्या तोंडाकडे बघून जगणार होता?

आठवड्याने सभागृहात अहवालाचं वाचन ठेवलं. भिंतीवर छातीपर्यंत पाण्याची रेघ अजून तशीच होती, खुर्च्या फुगून डुगडुगत होत्या. व्यासपीठावर नगरपालिकेचे बडे साहेब, त्यांच्या बाजूला पाणीखात्याचे साहेब आणि मॅडम. खाली आळीतले वाचलेले लोक. दादा शेवटच्या रांगेत. चावीवाला दाराशी उभा होता. बसायला जागा होती, पण तो बसला नाही.

मॅडमनी वाचायला घेतलं. खालच्या आळीचा मुद्दा आला. “वारंवार सूचना देऊनही रहिवाशांनी घरं सोडण्यास नकार दिला. सबब पुढील वेळी पोलिसांच्या साहाय्याने सक्तीने...”

“बरोबर लिहिलंय,” दादा मागून मोठ्याने म्हणाला. “माझ्या बायकोचं नाव टाका तिथे. सगळ्यांत पहिलं टाका.”

चावीवाल्याच्या कानात पुन्हा भांडी वाजू लागली. इथे तर जवळपास नळही नव्हता. हे वाक्य एकदा छापलं की वहिनी कायमची हट्टी ठरणार होती. पुढच्या वादळात पोलीस दंडुके घेऊन येतील, आणि पलीकडच्या कोपऱ्यावर कुणीतरी तोच मूर्खपणा पुन्हा करेल.

“मॅडम, वेळ लिहा,” तो म्हणाला. “तीन वाजून वीस मिनिटं.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“वहिनी मला आळीच्या तोंडाशी भेटली. खांद्याला बॅग होती. मागे सात-आठ बायका होत्या, सगळ्या बसकडे निघालेल्या. मीच म्हणालो, कुठे चाललात? सकाळचं पाणी चुकलंय, ते चारला सोडतोय. वीज गेली की आठवडाभर नळाला थेंब येणार नाही. भरून ठेवा आणि मग जा, पाचला दुसरी बस आहे.”

“दुसरी बस आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मॅडमनी विचारलं.

“बस निघायच्या आधी ड्रायव्हर नगरपालिकेत भेटला होता. म्हणाला, पाचला आणखी एक फेरी होईल बहुतेक.” तो थांबला. “ते ‘बहुतेक’ मी गाळलं. त्या आळीत माझा शब्द चालायचा. मी सांगितलं की बायका नळाशी रांग लावायच्या. मला बरं वाटायचं. वहिनी चिडवायची, आमचे भाऊजी म्हणजे पाण्याचे मालक. तिला सांगितलं आणि तिने घरोघर सांगितलं. चारला मी पाणी सोडलं आणि टेकडीवरचा व्हॉल्व्ह उघडायला निघून गेलो. म्हणून मी वाचलो.”

बड्या साहेबांनी पाणीखात्याच्या साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. चारला पाणी सोडा, हा हुकूम त्यांचाच होता, आणि तसा तो शहाणपणाचाच होता. आळी रिकामी करा, हा हुकूम वरच्या मजल्यावरून निघाला होता. दोन्ही हुकूम एकाच इमारतीतले. मधे एक जिना होता, पण त्या दुपारी कुणी तो चढलं नव्हतं की उतरलं नव्हतं.

मॅडमनी पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. पुढे त्या जागी त्यांनी बरंच काही लिहिलं. इशारा आल्यावर सगळ्या खात्यांचे हुकूम एकाच कागदावर निघावेत. पाणी आळीत न सोडता निवाऱ्याच्या टाकीत भरावं आणि तिथे पाणी आहे असं लोकांना आधी सांगावं. ते कलम पुढे मंजूर झालं, आता पाळलंही जातं. पण त्या क्षणी चावीवाल्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं. दादा उठून उभा राहिला होता.

“ती काय म्हणाली?” दादाने विचारलं. आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारावा तसा.

“म्हणाली, हे ओरडतील मला, निघ म्हणालेत. पण भाऊजी, तुम्ही म्हणताय तर थांबते.”

दादा मॅडमकडे बघून म्हणाला, “तिथे लिहा, ती निघाली होती.” एवढं बोलून तो भावाच्या शेजारूनच, त्याला खांदाही न लागू देता, दाराबाहेर पडला.

चावीवाला त्या दिवशी घरी जायला धजेना. दिवेलागणीपर्यंत उगाच रस्ते तुडवत राहिला. दादा शिव्या देईल, हात उचलेल, सामान घेऊन निघून जाईल, असं सगळं मनात घोळवून झालं. त्याने हात उचलावा अशी त्याची इच्छाच होती. शेवटी तो दारापाशी आला तेव्हा आत दिवा होता आणि दादा कुणाशी तरी बोलत होता. पाहुणे आले असतील असं वाटून तो थबकला.

“मला काय माहीत गं,” दादा हळू आवाजात म्हणत होता. “चार महिने वाटेल ते बोललो तुला. तू निघाली होतीस, हे मला काय माहीत.”

दार ढकललं तसा दादा गप्प झाला. खोलीत तो एकटाच होता. त्याने भावाला वाट दिली, त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं ते पुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. दादा त्या खोलीतून गेला नाही, आणि भावाशी एक शब्दही बोलला नाही. चावीवाला बाहेर पडला की आत बोलणं सुरू होतं. दिवसभरात काय झालं, बाजारात कोण भेटलं, पाऊल दुखतंय, असलं साधंच काहीतरी. मधूनच दादा हसतोदेखील, आणि मग थोडा वेळ थांबतो, समोरचं माणूस बोलत असल्यासारखा. संध्याकाळी परत आला की चावीवाला सरळ आत शिरत नाही. दाराबाहेर दोनदा चपला आपटतो आणि जरा थांबतो, म्हणजे आतल्या दोघांना कळावं.